पाणी इथवर येत नाही

गुरुलिंग : चपला राहू द्या पायात. फरशी उखडलीय सगळी, खडे टोचतेत. फरशीवाला मिळून न्हाई राहिला, अख्खी गल्ली त्याच्याच मागं हाय. आन त्या खुर्चीवर नका बसू हणमंतराव, पाणी पिऊन तिचा पाय फुगलाय. इकडं पलंगावर या.

हणमंतराव : बापरे, अप्पा. ही रेघ? खिडकीच्या वर? इथपर्यंत आलं होतं?

गुरुलिंग : हाव. दोनदा चुना मारला तिच्यावर. आठ दिवस गेले की पुन्हा वर येतीय.

हणमंतराव : टीव्हीवर दाखवत होते तेव्हा राजश्री म्हणाली, अहो, ही तर आपली गल्ली. मी लगेच फोन केला तुम्हाला. लागला नाही.

नीलाबाई : लागत होता की फोन. पोराचा पुण्याहून लागला. माझ्या बहिणीचा बीदरहून लागला. बॅटरी उतरेपर्यंत हे फोनवरच होते.

हणमंतराव : नमस्कार, वहिनी. तुम्ही दिसला नाहीत आधी, अंधार आहे इथं. ही बालुशाही आणली होती. राजश्रीनं आवर्जून दिलीय.

नीलाबाई : ठेवा तिथं. या गल्लीत दिवाळी बी झाली न्हाई औंदा. गोडाचं कोणी करून न्हाई राहिलं अजून.

हणमंतराव : मास्तरांच्या आईचं ऐकलं मी, केवळाबाईंचं. फार वाईट झालं. मला उशिरा कळलं, नाहीतर आलो असतो.

नीलाबाई : चार महिने झाले.

हणमंतराव : हो. तेच म्हणतोय. तुम्हाला सांगतो वहिनी, तिकडं वर राहायला गेल्यापासून नदीकडं येणंच होत नाही. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण दार लावलं की कोण कुणाचं नाही. तुमची फार आठवण निघते. मास्तर घरी नाहीत ना आत्ता?

गुरुलिंग : आनंदराज? शाळेत. लोह्याहून बसनं साडेपाचपर्यंत येतोय रोज.

हणमंतराव : मला वाटलंच. म्हणूनच दुपारचा आलो. त्याचं असं आहे अप्पा, थोडं नाजूक काम होतं. मास्तरांनी माझ्यावर दावा लावलाय, ठाऊक असेल तुम्हाला. फसवून घर विकलं म्हणतात. पूर येतो हे माहीत असून लपवलं, म्हणून व्यवहार रद्द करा. सहा वर्षांपूर्वीचा व्यवहार! आणि आता या वयात मी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या.

गुरुलिंग : ठाऊक हाय.

हणमंतराव : तर आमच्या वकिलांनी एक कागद करून दिलाय. फार काही नाही. तुम्ही शेजारी म्हणून एक शपथपत्र द्यायचं. तुमचा शब्द म्हटल्यावर कोर्टसुद्धा ऐकेल. तीस वर्षं उदगीरला दुकान चालवलंत, कुणाला छटाकभर कमी दिलं नाहीत, हे मी वकिलांना सांगितलंय.

गुरुलिंग : वाचा की.

हणमंतराव : तुम्हीच वाचा निवांत. मराठीतच आहे.

गुरुलिंग : माझा चष्मा आत हाय. तुम्हीच वाचा. तुमचा आवाज चांगला हाय, गणपतीत आरत्या तुम्हीच म्हणायचा.

हणमंतराव : बरं. ‘मी, खाली सही करणार, गुरुलिंग, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी किराणा दुकान, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर वसाहत नदीपात्रालगत असून पावसाळ्यात तेथे पुराचे पाणी येण्याची शक्यता असते, ही बाब आम्हा सर्व रहिवाशांना पूर्वीपासून ज्ञात होती.’ हे तर खरंच आहे, नदीकाठ म्हटल्यावर. ‘तसेच खरेदीदार श्री. आनंदराज व त्यांच्या मातोश्री घर पाहण्यास आले असता, मी स्वतः त्यांना सदर धोक्याची तोंडी कल्पना दिली होती.’ बस. एवढंच.

नीलाबाई : शेवटचं पुन्हा वाचा.

हणमंतराव : वहिनी, ही कायद्याची भाषा असते…

नीलाबाई : मला सातवीपर्यंतची मराठी समजती. वाचा.

हणमंतराव : ‘मी स्वतः त्यांना सदर धोक्याची तोंडी कल्पना दिली होती.’

नीलाबाई : यांनी?

हणमंतराव : आता सहा वर्षांपूर्वी कोण काय बोललं, हे शब्दाला शब्द कुणाला आठवतंय? तुम्ही म्हणाला असालही, अप्पा. सहज. बोलण्याच्या ओघात.

गुरुलिंग : मला आठवतंय.

हणमंतराव : काय?

गुरुलिंग : आदल्या दिवशी सांजच्याला तुम्ही माझ्या ओट्यावर आलता. म्हणाला, अप्पा, उद्या घर बघायला लोह्याकडचा एक मास्तर येतोय. पाण्याचं विचारंल. मी सांगून उपेग न्हाई, मालक तर चांगलंच सांगणार. तुम्ही सांगा. म्हणाला का न्हाई?

हणमंतराव : म्हणालो असेन.

गुरुलिंग : दुसऱ्या दिवशी ते दोघं ऑटोनं आले. मास्तर आन त्याची आई. तिला दम लागत होता, तुमच्या पायरीवरच बसली. आनंदराज आत बघून राहिला, आन ही मला म्हणाली, अप्पा, जरा इकडं या. मी गेलो. म्हणाली, नांदेडात पाच घरं बघितली. भाड्याची बी, इकत बी. आडनाव सांगितलं की घर नुकतंच दिलं म्हणतेत. हे पहिलंच हाय जिथं कोणी पाणी विचारलं. हिनं तांब्या दिलता तिला.

नीलाबाई : दिलता.

गुरुलिंग : मग म्हणाली, मी दवाखान्यात आया म्हणून बत्तीस वर्षं घाण काढलीय अप्पा, हे घर माझं हाय, पोराचं न्हाई. मला खरं सांगा. गंगेचं पाणी हितवर येतंय का? मी म्हणालो, बाई, नऊ वर्षं झाली मला. माझ्या पायरीला लागलं न्हाई. पाणी हितवर येत न्हाई. डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचीच बाकी होती.

हणमंतराव : मग? खोटं नव्हतं ते. तोपर्यंत आलं नव्हतं. तुम्ही खरंच बोललात अप्पा, तुमची काहीच चूक नाही. पण हे कोर्टात कसं दिसेल? उद्या मास्तरांचा वकील उभा राहून म्हणाला, शेजाऱ्यानं खात्री दिली म्हणून घेतलं, तर तुम्हीसुद्धा अडकता. दोघं मिळून फसवलं म्हणतील. दलाली खाल्ली म्हणतील. मी माझ्या एकट्यासाठी आलो नाही. तुम्हाला सोडवायला आलोय.

नीलाबाई : दाव्यात यांचं नाव न्हाई.

हणमंतराव : आज नाही. उद्या घालतील.

नीलाबाई : न्हाई घालणार. मास्तरनं अख्खा दावा हितं बसून वाचून दाखवला आम्हाला. वकील त्याला म्हणत होता, शेजाऱ्याचं नाव घाला, केस मजबूत होतीय. तो म्हणाला, अप्पांचं नाव मी घालणार न्हाई. त्यांनी माझ्या आईला पाठीवर आणलं.

हणमंतराव : म्हणजे तुम्ही… ते पाण्यात…

गुरुलिंग : सकाळी आठला पाणी पायरीला होतं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणून भोंग्याची गाडी सांगत गेली, पण मोठ्या रस्त्यानं गेली. आमच्या गल्लीत नुसता घुं-घुं आवाज आला. मास्तरची बायको लुंबिनी बाळंतपणाला माहेरी होती. मास्तर शाळेला गेलता, त्याची बस पुलाच्या पल्याड अडकली. केवळाबाई एकटी. दहाला माझ्या कंबरेएवढं झालं. मी गेलो तर ती पलंगावर उभी. मी म्हणालो, बसा पाठीवर. लाजून राहिली. म्हणाली, अप्पा, मी तुमच्या पाठीवर कशी बसू. तेवढ्यात बी तिला तेच.

नीलाबाई : सांगू नका आता. रात्री झोपत न्हाई तुम्ही मग.

गुरुलिंग : सांगू दे. यांना टीव्हीत दिसलं नसंल ते. वजन काहीच नव्हतं तिला. वर आणली, माडीवर. हिनं आपलं लुगडं नेसवलं. घोंगडं दिलं. आन मग तिला दम लागला, तवा ध्यानात आलं, पंप खालीच राहिला. दम्याचा पंप. उशीखाली होता. मी खाली उतरलो तर जिन्याच्या पाच पायऱ्या पाण्यात.

हणमंतराव : तुम्ही जेवढं केलंत, तेवढं कोणी केलं नसतं.

गुरुलिंग : दिवसभर बसून होती भिताडाला टेकून. रात्रभर. झोपली तर दम लागायचा. होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दवाखान्यात चौथ्या दिवशी गेली. तर त्या माडीवर, सांजच्याला, मला काय म्हणाली ठाऊक हाय? चिडून न्हाई म्हणाली. सहज विचारावं तसं म्हणाली, अप्पा, तुम्ही तर म्हणाला होता, हितवर येत न्हाई. काय सांगायचं होतं मी? सांगा.

हणमंतराव : अप्पा, निसर्गापुढं कुणाचं काय चालतं? एवढा पाऊस पन्नास वर्षांत झाला नाही. कुणाला माहीत होतं असं होईल?

नीलाबाई : तुम्हाला.

हणमंतराव : काय म्हणालात?

नीलाबाई : तुम्हाला माहीत होतं, भाऊजी. मास्तरनं माहितीच्या अधिकारात नकाशा मागवला. पूररेषेचा. या पलंगावरच पसरून बघितला आम्ही. निळी रेघ मंदिराच्या मागून निघती, पाण्याच्या टाकीपासून वळती, आन आमच्या आन मास्तरच्या घराला पोटात घेऊन पुढं जाती. आन खाली कोपऱ्यात काढणाऱ्याची सही. मास्तरला कळली न्हाई कोणाची. यांना कळली.

गुरुलिंग : ‘ह’ला लांब शेपूट काढता तुम्ही. गणपतीच्या पावतीपुस्तकावर दरसाल बघितलीय मी. खाली तारीख होती. फेब्रुवारीची. आन तुम्ही घर इकलं त्याच सालच्या एप्रिलात.

हणमंतराव : हे मास्तरांना सांगितलंत तुम्ही?

गुरुलिंग : बघा. पहिलं हेच विचारलं तुम्ही.

हणमंतराव : अप्पा, मी आरेखक होतो. ड्राफ्ट्समन. साहेब आकडे द्यायचे, मी रेघ ओढायचो. ती रेघ कुठून जावी हे मी ठरवलं नाही. नकाशा मंजूर होऊन जाहीर होईपर्यंत तो गोपनीय असतो. बाहेर बोललो असतो तर निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, सगळं गेलं असतं. तुम्हाला काय वाटतं, मला काही वाटलं नाही? माझ्या हातानं माझ्याच घरावरून रेघ ओढली मी. स्वयंपाकघर, देवघर, सगळं आत. त्या दिवशी डबा तसाच परत आणला. राजश्रीला विचारा.

नीलाबाई : राजश्रीला ठाऊक होतं तर.

हणमंतराव : घरात काय लपतं?

नीलाबाई : जायच्या दिवशी टेम्पोजवळ माझ्या गळ्यात पडून रडली ती. मी म्हणाले, रडू नगं, कितीसं लांब हाय, ऑटोनं येत जा. ती ऐकूनच न्हाई राहिली. मला वाटलं, माझ्यासाठी रडून राहिली. सहा वर्षं मी लोकांना सांगत होते, राजश्रीसारखी शेजारीण मिळणार न्हाई.

हणमंतराव : तुमच्यासाठीच रडत होती, वहिनी. दुसरं कशासाठी?

नीलाबाई : मग सांगायचं होतं तिनं! एक वाक्य. कानात. नीला, हितं राहू नगं. मी काय ऑफिसात येऊन ओरडले असते? तुमच्या साहेबाला सांगितलं असतं?

हणमंतराव : नाही सांगता आलं.

नीलाबाई : का? नोकरी तर दीड वर्षात संपली. पेन्शन चालू झाली. त्याला बी चार वर्षं होऊन गेली. एका तरी पावसाळ्यात यायचं होतं. नकाशा जाहीर झाला तवा यायचं होतं. का न्हाई आलात?

हणमंतराव : वहिनी, तुम्ही समजून घ्या…

गुरुलिंग : का न्हाई आलात ते मी सांगू, का आमच्या घरधनिणीला तुम्हीच सांगता?

हणमंतराव : काय ऐकायचंय तुम्हाला? ऐका मग. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही घर काढलं असतं विकायला. कोणीही काढलं असतं. एका महिन्यात गल्लीत दोन घरांवर पाट्या लागल्या असत्या, आणि लोकांनी विचारलं असतं, काय झालंय इथं. माझं घर कुणी घेतलं नसतं. माझं एकच घर होतं, अप्पा. बाकी शेत नाही, वाडा नाही. आयुष्यभराचं तेवढंच होतं. आणि नंतर… नंतर सांगायला आलो असतो तर पहिला प्रश्न तुम्ही हाच विचारला असता, तेव्हा का नाही बोललात. प्रत्येक वर्षी तो प्रश्न एक वर्षानं मोठा होत गेला. झालं? हे ऐकायचं होतं?

नीलाबाई : साकु, भाऊजी. साकु. बस झालं.

हणमंतराव : नाही, आता ऐकाच. मी अगदीच काही केलं नाही असंही नाही. वरच्या दोन खोल्या कुणी बांधायला लावल्या तुम्हाला? आठवा. अप्पा, माडी काढा, माडी काढा, म्हणून महिनाभर मी मागं लागलो होतो. गवंडीसुद्धा मीच आणून दिला. त्या खोल्या नसत्या तर तुम्ही दोघं आज…

गुरुलिंग : तुम्ही लागला होता मागं. मला वाटलं, पोराचं लग्न तोंडावर आलंय म्हणून सांगून राहिले.

हणमंतराव : मग? जेवढं करता आलं तेवढं केलं ना मी माझ्या मित्रासाठी?

गुरुलिंग : केलं. आन केवळाबाईला का न्हाई म्हणाला? माडी काढा म्हणून?

हणमंतराव : त्यांची माझी ओळख तरी काय होती?

गुरुलिंग : पायरीवर बसली होती की तुमच्या. दम खात.

हणमंतराव : अप्पा, मी हात जोडतो. मुलीच्या सासरपर्यंत गेलंय हे. जावई विचारतो, बाबा, काय केस आहे तुमच्यावर. मला रक्तदाब आहे. हा फ्लॅट विकावा लागला तर राजश्रीला घेऊन मी कुठं जाऊ? इथं परत येऊ? या रेघेखाली?

नीलाबाई : आम्ही बसलोय की रेघेखाली.

हणमंतराव : तुम्ही सही नका करू, ठीक आहे. निदान मास्तरांना त्या सहीचं सांगू नका. एवढंच मागतो. ते कोपऱ्यातलं अक्षर फक्त तुम्ही ओळखलंय. तुम्ही गप्प राहिलात तर दावा आपोआप ढिला पडेल. गप्पच राहायचंय, अप्पा. खोटं बोलायचं नाही.

गुरुलिंग : तुम्ही बी गप्पच राहिलता. खोटं तर मी बोललो, हणमंतराव. माझ्या तोंडानं, तिच्या डोळ्यात बघून. तुम्ही शब्द बी काढला न्हाई.

हणमंतराव : म्हणजे तुम्ही सांगणार.

गुरुलिंग : नकाशा येऊन आठ दिवस झाले. आठ दिवस मी त्याला सांगितलं न्हाई. रोज साडेपाचला त्याच्या दाराची कडी वाजती आन मी आत जाऊन पडतो. मला वाटत होतं, तुम्ही याल. स्वतः येऊन म्हणाल, अप्पा, माझं चुकलं, चला, दोघं मिळून सांगू मास्तरला. तुम्ही आलात बी. मी फाटकातून बघितलं तवा ऊर भरून आला माझा, खरं सांगतो. आन तुम्ही पिशवीतून हे काढलं.

हणमंतराव : मला नाही जमणार ते. त्यांच्यासमोर उभं राहणं.

गुरुलिंग : कळलं.

हणमंतराव : पंधरा वर्षांची ओळख आहे आपली.

गुरुलिंग : हाव. मोजली मी.

(हणमंतराव शपथपत्राची घडी घालून पिशवीत ठेवतात आणि उठतात.)

नीलाबाई : बालुशाही राहिली तुमची. घेऊन जा.

हणमंतराव : राहू द्या वहिनी. राजश्रीला काय सांगू? तुमच्याकडून काही निरोप…

नीलाबाई : काही न्हाई. मी घरी नव्हते म्हणा.

हणमंतराव : येतो अप्पा.

गुरुलिंग : बाहेरच्या पायरीला जपा. हालती ती.

नीलाबाई : …गेले?

गुरुलिंग : कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं ऑटोची वाट बघून राहिलाय.

नीलाबाई : बघू नका मग. आत या. चहा ठेवू का?

गुरुलिंग : नगं. किती वाजले?

नीलाबाई : पाच व्हायला आले.

गुरुलिंग : ती धड खुर्ची कुठली हाय, ती मास्तरच्या दारात नेऊन ठेवतो. तिथंच बसतो आज. आत जाऊन पडलो तर पुन्हा राहून जातंय.

नीलाबाई : सहीचं सांगणार?

गुरुलिंग : सहीचं सांगणार. आन दाव्यात माझं बी नाव घाल म्हणणार.

नीलाबाई : तो न्हाई घालणार. तुम्हाला ठाऊक हाय. पाया पडंल, पण घालणार न्हाई.

गुरुलिंग : ठाऊक हाय. त्याचंच भ्या वाटून राहिलंय मला.